बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि नद्यांचे पाणीवाटप



महाडचा सत्याग्रह, घटनेचे शिल्पकार, नागपूरची दीक्षा हे आपल्या लहान लेकरांनाही पाठ आहे. पण अनेक प्रांतांतून वाहणाऱ्या नदीचे नियोजन सगळ्यांनी मिळून कसे करावे, याचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जुना जालन्यासारख्या, पाण्यासाठी कायम तरसलेल्या ठिकाणी तरी हे माहीत असायलाच पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना पाण्याची किंमत लहानपणीच कळली. साताऱ्याच्या शाळेत नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर तहान. पुढे अमेरिकेत आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या पदव्या मिळवूनही ती तहान ते विसरले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क आहे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. कोर्टातली लढाई त्यानंतर दहा वर्षे चालली आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. कामगारांसाठी त्यांनी काय केले हे पुष्कळांनी लिहिले आहे. पण पाटबंधारे आणि वीज ही कामेसुद्धा त्याच खात्याकडे होती, हे मात्र मागे पडले.

१९४३ च्या पावसाळ्यात बंगालमध्ये दामोदर नदीला महापूर आला. गावेच्या गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारी आगगाडी बंद पडली. आता अडचण बघा. पाऊस पडतो वरच्या छोटा नागपूरच्या डोंगरात, म्हणजे तेव्हाच्या बिहार प्रांतात, आणि पूर येतो खाली बंगालमध्ये. धरण बांधायचे तर जमीन बुडणार बिहारची आणि पुरापासून वाचणार बंगाल. मग बिहारने का ऐकावे? त्यातून १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे हा विषय प्रांतांच्या हाती दिलेला. दिल्लीला हुकूम सोडता येत नव्हता.

बाबासाहेबांनी मार्ग काढला तो एकत्र बसण्याचा. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला बंगाल, बिहार आणि केंद्र यांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. नुसते बांध घालून पाणी अडवू नका, असा त्यांचा आग्रह होता. त्याच पाण्यातून वीज निघाली पाहिजे, शेतीला पाणी मिळाले पाहिजे, नावा चालल्या पाहिजेत, म्हणजे वरच्यालाही लाभ आणि खालच्यालाही. अमेरिकेत १९३३ साली सात राज्यांत पसरलेल्या टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण नेमले होते. तो नमुना पुढे ठेवून आणि तिथल्याच एका अनुभवी इंजिनिअरकडून आराखडा करून घेऊन काम सुरू झाले. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. त्यात केंद्र, बिहार आणि पश्चिम बंगाल असे तिघे भागीदार होते.

नोव्हेंबर १९४५ मध्ये ओरिसातल्या नद्यांसाठी कटकला अशीच परिषद झाली. महानदीवरचे हिराकूड धरण त्याच विचारातून पुढे आले. एप्रिल १९४५ मध्ये नद्यांचा अभ्यास करणारा आणि प्रांतांना सल्ला देणारा केंद्रीय आयोग स्थापन झाला. तोच आजचा केंद्रीय जल आयोग. पुढे घटनेत कलम २६२ आले. राज्याराज्यांतले नदीच्या पाण्याचे तंटे कसे सोडवायचे याची वाट त्याने घालून दिली. १९५६ साली त्यावरून तंट्यांचा कायदा झाला आणि सोबत नदी मंडळांचाही कायदा झाला.

इथे एक खरे सांगितले पाहिजे. तंट्यांचा कायदा कामाला लागला, पण मिळून नियोजन करणाऱ्या नदी मंडळांचा कायदा कागदावरच राहिला. म्हणजे भांडण मिटवायला लवाद आहे, पण भांडण होऊच नये म्हणून बसायला ओटा नाही. दामोदरवरही सुचवलेल्या धरणांपैकी सुरुवातीला चारच झाली. आणि धरणाखाली ज्यांची घरेदारे गेली, त्यांत आदिवासी आणि आपल्यासारखे गरीबच जास्त होते. त्यांचे पुनर्वसन नीट झाले नाही. ही उणीव आपण झाकून ठेवू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. आपली कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. गोदावरीचा राज्याराज्यांतला वाद १९६९ च्या लवादापुढे गेला आणि १९८० साली निवाडा झाला. पण राज्याच्या आतलाच वाद राहिला. वर नाशिक-नगरची धरणे आणि खाली आपले जायकवाडी. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या आयाबहिणी हंडे-घागरी घेऊन रात्री-बेरात्री टँकरची वाट बघत बसल्या, ते कुणी विसरलेले नाही. २००५ च्या कायद्याने खोऱ्यातल्या पाण्याचे समन्यायी वाटप करण्यासाठी प्राधिकरण नेमले, आणि २०१६ साली हायकोर्टानेही ते तत्त्व उचलून धरले. तरी कमी पावसाच्या वर्षी वाद पेटतोच. आज आपल्या नळाला येणारे बरेचसे पाणी जायकवाडीचे आहे, म्हणून हा वाद आपल्या घरातलाच समजावा.

शेवटी एक गोष्ट. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले, ते रोहिणी नदीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलीय या पाण्यावरून लढाईला निघाले. सिद्धार्थाने विरोध केला. दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशांनी बसून वाद मिटवावा, असे त्याने सुचवले. संघाने ऐकले नाही आणि सिद्धार्थाने घर सोडले. ज्या माणसाने दामोदरसाठी दोन प्रांतांना एका टेबलावर बसवले, त्यानेच ही कथा आपल्यापुढे ठेवली, हे लक्षात घ्या.

तेव्हा नळाच्या पाळीवरून गल्लीत भांडण झाले, तर आधी चौघांनी विहारात येऊन बसावे. गोदावरीच्या वाट्यासाठी अर्ज-निवेदन द्यायचे असेल, तर आकडे अभ्यासून, संघटित होऊन द्यावे. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आहेच, त्यांची ही रीतही आपल्या वागण्यात यावी.

नमो बुद्धाय! जयभीम!