आद्य चरित्रकार म्हाइंभट आणि त्यांची लेखनसाधना

गोदातीरीच्या सराळे ग्रामीचे म्हाइंभट हे शास्त्रनिष्णात व वादपटू विद्वान होते. प्रतिपक्षास निरुत्तर करण्यात त्यांच्या विद्येची सार्थकता होती. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या भेटीत मात्र तो अभिमान गळून पडला. शब्दांवरील प्रभुत्व म्हणजे ज्ञान नव्हे, हा त्यांचा पहिला पाठ होय.

स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केल्यावर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले. तेथे श्रीनागदेवाचार्य नित्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. ते पाहून म्हाइंभटांच्या चित्तात एक चिंता उपजली. ज्यांनी स्वामींस डोळ्यांनी पाहिले ते एकेक करून निघून जातील. मग पुढील साधकांनी स्मरण तरी कशाचे करावे? आचार्यांची अनुज्ञा घेऊन त्यांनी लेखणी हाती धरली. आचार्य सांगत आणि म्हाइंभट लिहून घेत.

येथे त्यांची खरी परीक्षा झाली. आजवर बोलण्यात निपुण असलेल्या या पंडितास आता ऐकण्यात निपुण व्हावयाचे होते. जी लीळा ज्याच्या समक्ष घडली ती त्याच्याच मुखातून ऐकावी, या निष्ठेने ते गावोगाव हिंडले. सांगणारी व्यक्ती विद्वान की निरक्षर, पुरुष की स्त्री, हा भेद त्यांनी मानला नाही. शास्त्रार्थात मुरलेल्या लेखणीस अलंकारांचा मोह सहज पडला असता; परंतु स्थळ कोणते, समीप कोण होते, काय घडले आणि स्वामी काय बोलले, एवढेच छोट्या वाक्यांत लिहावे, ही शिस्त त्यांनी स्वतःस लावून घेतली. स्वतःची वाणी मागे सारावी तेव्हाच दुसऱ्याची वाणी जशीच्या तशी उतरते, हे त्यांच्या गद्याचे मर्म आहे.

शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले. तो मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानला जातो. पुढे श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनी त्याच रीतीने लिहिले. याच लीळांतील स्वामीवचनांवरून केशिराजबासांनी सूत्रपाठ व दृष्टांतपाठ यांची रचना केली. केशिराजबासांचा ओढा संस्कृताकडे होता. परंतु तसे झाल्यास स्वामींच्या वृद्ध स्त्रीभक्त ज्ञानास अंतरतील, म्हणून आचार्यांनी त्यांस मराठीतच लिहावयास लावले. म्हाइंभटांच्या साध्या मराठीचे मोल यावरून कळून येते.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा हिराइसादी भक्तांनी स्मरणाच्या बळावर तिचा उद्धार केला. जे स्मरणातून पोथीत आले होते ते पोथी गेल्यावर पुन्हा स्मरणातूनच उभे राहिले. लेखन हे स्मरणाचेच दुसरे रूप होय. म्हणून लेखणी धरू इच्छिणाऱ्याने आधी श्रवण करावे आणि मगच लिहावे, हाच म्हाइंभटांच्या जीवनाचा बोध आहे.