पायवाट शोधणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

हॉस्टेलमधून मेसकडे जाणारी पायवाट कोणी आखली? सिव्हिलवाल्यांनी सर्व्हे केला नाही, की रेक्टर सरांनी नोटीस काढली नाही. कोणीतरी शॉर्टकटने गेला, गवत दबलं, म्हणून दुसराही तिथूनच गेला. वाट तयार!

न्यूरल नेटवर्कमध्ये रचना अशीच उमटते. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडलेला नियम साधा आहे : ज्या पेशी वारंवार एकत्र जाग्या होतात, त्यांच्यातला दुवा घट्ट होतो. १९८२ मध्ये फिनलंडच्या एर्की ओया यांनी दाखवलं की, वजनं बेसुमार वाढू न देता हा नियम एका कृत्रिम न्यूरॉनला लावला, तर माहिती ज्या दिशेने सर्वांत जास्त पसरलेली असते ती दिशा तो आपोआप पकडतो.

म्हणजे काय? नकाशावर वाई, माहुली, कराड, सांगली हे चार ठिपके घ्या. प्रत्येकाला दोन आकडे लागतात. पण ही गावं कृष्णेच्या काठाने वायव्येकडून आग्नेयेकडे गेली आहेत. त्या दिशेने किती पुढे, एवढा एकच आकडा सांगितला तरी गाव जवळपास सापडतं. हीच ती मुख्य दिशा. प्रोजेक्टमध्ये आपण ती एका कमांडवर काढतो. यामागच्या गणिताला पुस्तकात कार्हूनेन-लोएव्ह अशी दोन परदेशी नावं असतात. पण त्या दोघांच्या आधी, १९४३ मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने ते इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं होतं. ते होते दा. ध. कोसंबी.

जन्म ३१ जुलै १९०७, गोव्यात. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. मग बनारस, अलीगढ आणि पुणे. तिथे राहायचं सोडून ते परत आले, हे विसरू नका. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजायचं सूत्र दिलं. आनुवंशशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने चालतं.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच. हजारो जुनी नाणी वजन करून, झीज मोजून त्यांनी इतिहास वाचला. टेकड्या पालथ्या घालून दगडी हत्यारं गोळा केली, प्राचीन वाटा शोधल्या. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ आला.

पण माणूस चुकलाही. रीमानच्या गृहीतकाची सिद्धता सापडली असं त्यांनी छापलं, आणि तीही शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धता टिकली नाही. गणितज्ञांत नाव गेलं, आणि १९६२ मध्ये टाटा संस्थेतली नोकरीही संपली. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात ते वारले.

एका चुकीचा बोभाटा झाला, बरोबर निघालेलं काम मात्र बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नावावर राहिलं. आता काही लेखक कार्हूनेन, लोएव्ह यांना कोसंबी हे नाव जोडतात. तेव्हा वायवाला हा प्रश्न आलाच, तर दोन नावांवर थांबू नका. तिसरं आपल्या माणसाचं आहे, आणि क्रमाने ते पहिलं आहे!