जिनगराचा धाकटा मुलगा : लुई ब्रेल



लुई ब्रेल हे नाव आपण सर्वांनी शाळेत ऐकले आहे. अंध व्यक्ती बोटांनी जी लिपी वाचतात ती त्यांची. त्यांच्या जन्माला २०० वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २००९ साली, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ दोन रुपयांचे नाणेही काढले होते. त्यांच्या लिपीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आम्ही त्यांच्या घरच्या माणसांविषयी लिहीत आहोत, कारण आपल्या धर्मग्रामातील काही घरांना त्याचा उपयोग होईल असे आम्हांला वाटते.

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर कूव्रे नावाचे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुईंचा जन्म झाला. वडील सिमाँ-रने हे गावचे जिनगर. घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवून ते संसार चालवीत. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा, म्हणून सगळ्यांचा लाडका.

१८१२ साली, तीन वर्षांचा असताना, तो वडिलांच्या दुकानात कातड्याशी खेळत होता. हाती लागलेले एक टोकदार हत्यार सटकले आणि त्याच्या डोळ्यात घुसले. त्या काळी जंतुसंसर्गावर औषध नव्हते. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली आणि पाचव्या वर्षी मुलाच्या दोन्ही डोळ्यांपुढे कायमचा अंधार झाला.

दुकान बापाचे आणि हत्यारही बापाचे. अशा वेळी घरात दोष कुणाचा याचा हिशेब सुरू होतो आणि तो वर्षानुवर्षे संपत नाही. या घराने वेगळी वाट धरली. त्या काळात गरीब अंध माणसाच्या नशिबी बहुधा भीक मागणे येई. वडिलांनी लाकूड तासून मुलासाठी काठी केली. काठी आपटत तो घर, अंगण आणि गावचे रस्ते शिकला. पुढे घोड्यांच्या साजाला लागणारी कातड्याची झालर करण्याचे काम त्याला दिले गेले. फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून वडिलांनी त्याला अक्षरे ओळखायला शिकविले, असेही सांगतात. ते दिवस सुखाचे नव्हते. १८१४ पासून दोन वर्षे परकी सैन्ये गावात तळ देऊन होती आणि सैनिकांना घरांत ठेवून घ्यावे लागत होते. अशा ओढगस्तीतही या मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले गेले नाही.

१८१५ साली गावाला नवे धर्मगुरू मिळाले, फादर झाक पालुई. त्यांनी लुईला स्वतःजवळ बसवून शिकविले. नंतर त्यांनी गावच्या मास्तरांना गळ घातली आणि लुई डोळस मुलांबरोबर शाळेत बसू लागला. तो नुसते ऐकून धडे पाठ करी आणि वर्गात पुढे असे. पण वाचणार कसे, हा प्रश्न उरलाच. पॅरिसला अंध मुलांची शाळा आहे हे कळल्यावर गावच्या जमीनदारांकडून शब्द टाकण्यात आला आणि शिष्यवृत्ती मिळाली.

आता आईबापांपुढे खरी कसोटी आली. मूल दहा वर्षांचे, डोळ्यांनी अंध, आणि शहर पॅरिससारखे. घरी ठेवले असते तर कुणीही नावे ठेवली नसती. तरी १५ फेब्रुवारी १८१९ रोजी वडील त्याला घोडागाडीने पॅरिसला घेऊन गेले आणि शाळेत सोडून परत आले. शाळेची इमारत जुनी आणि दमट होती. एके काळी ती संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या संस्थेकडे होती. तेथे उठावाच्या मोठ्या अक्षरांची पुस्तके होती, पण ती जड आणि मोजकीच. एकेक अक्षर चाचपून वाक्य पुरे होईपर्यंत त्याची सुरुवात विसरून जाई.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या गृहस्थांची टिंबांची पद्धत शाळेत आली. तिच्या एका खुणेत १२ पर्यंत टिंबे असत. एवढी टिंबे बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसत. शिवाय ती उच्चारांची खूण होती, शुद्धलेखनाची नव्हे. लुईने रात्री जागून, आणि सुट्टीत कूव्रेला घरी आल्यावरही, तिच्यावर काम केले. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांत सगळी अक्षरे बसविली. सहा टिंबांच्या ६३ खुणा होतात. आपली मराठीही आज याच सहा टिंबांत वाचली जाते. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली ठरले. कागदाला टोचून ही टिंबे उठवितात ते साधन जिनगराच्या आरीसारखेच दिसते.

पुढे लुई त्याच शाळेत शिक्षक झाले. पॅरिसच्या चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. १८३१ साली वडील वारले. मरणापूर्वी त्यांनी शाळेच्या प्रमुखांना पत्र लिहवून घेतले की माझ्या मुलाला अंतर देऊ नका. मुलगा तेव्हा २२ वर्षांचा आणि कमावता होता, तरी बापाची काळजी संपली नव्हती. नंतर लुईंना क्षयाने गाठले. प्रकृती ढासळली की ते कूव्रेला येत आणि घरच्यांच्या शुश्रूषेने उभे राहून कामावर परतत. मध्यंतरी शाळेच्या नव्या प्रमुखांनी ही लिपी बंद केली, पण मुले चोरून तीच वापरत राहिली. ६ जानेवारी १८५२ रोजी, प्रगटीकरणाच्या सणादिवशी, लुईंनी देह ठेवला. दोन वर्षांनी त्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली. १९५२ साली फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. हात मात्र कूव्रेच्या दफनभूमीत गावानेच ठेवून घेतले.

आता आपल्याकडे वळू. लोणी काळभोर सोलापूर रस्त्यावर आहे. तेलाच्या टँकरांच्या गर्दीतून आपली सोळा-सतरा वर्षांची पोरे मोटारसायकल हाकतात. अपघात झाला की सारे धावून जातात, रक्त देतात, पैसे जमवितात. पण दवाखान्यातून घरी सोडले की खरे काम सुरू होते आणि ते वर्षानुवर्षे चालते. तेव्हा भेटायला येणारे थांबलेले असतात. आई मायेपोटी मुलाला स्वतःच्या हाताने भरविते, त्याचा हात चमचा धरू शकत असला तरी. व्यायाम दुखतो म्हणून टाळला जातो. शाळा सुटते ती सुटतेच.

माणूस म्हणजे काय, याची चर्चा आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात पुष्कळ केली. त्या जिनगराने तशी चर्चा न करता मुलाच्या हाती काठी दिली, काम दिले, अक्षर दिले, आणि वेळ आली तेव्हा त्याला दूर जाऊ दिले. जखमी मुलाच्या घराला आज हेच चार टप्पे चढायचे आहेत. मदतीची दारेही उघडी आहेत. पुण्यात अंधांची शाळा १९३४ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र वेळेवर काढून घ्यावे.

बाकीच्यांनी फादर पालुईंकडे पाहावे. त्यांनी एका मुलाला रोज थोडा वेळ दिला आणि मास्तरांकडे जाऊन शब्द टाकला. आपल्यालाही एवढे करता येईल. कुणी आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यास घ्यावा. कुणी व्यायामाच्या वेळी सोबत बसावे, म्हणजे आईला तासभर मोकळीक मिळेल. तरुणांनी रविवारी त्याला मिस्साला आणावे आणि नंतर गप्पांतही घ्यावे.

आपल्या वस्तीत असे एखादे मूल घरात पडून असेल तर मिस्सानंतर आम्हांला सांगा. आम्ही घरी येऊ, आणि शाळेतही जाऊ.

आपले धर्मगुरू