मागच्या भिंतीजवळचे टेबल

सिनेमा पाहून बाहेर पडलेला माणूस दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळा होतो. गाणी चांगली होती, शेवट ओढूनताणून आणला, अमक्याने काम झकास केले. टीव्हीवरच्या मालिकांचे निकालही चहाचा कप रिकामा होईपर्यंत लागलेले असतात. आम्हीही याला अपवाद नाही. परंतु पडद्यावर हातात ट्रे घेऊन उभा असलेला नोकर किंवा मालकिणीचे केस विंचरणारी मोलकरीण यांच्यावर आपली नजर क्वचितच थांबते. ती माणसे कोण असतात? कॅमेरा बंद झाल्यावर ती कुठे बसतात, कुठे राहतात आणि मेल्यावर त्यांना कुठे जागा मिळते? चित्रपटाच्या परीक्षणात हे प्रश्न येत नाहीत. म्हणूनच हॅटी मॅक्डॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचे जीवन आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

‘गॉन विथ द विंड’ हा १९३९ सालचा अमेरिकन चित्रपट जगभर गाजला. दक्षिणेतील गोऱ्या मळेवाल्यांचे वैभव यादवी युद्धात कसे लयाला गेले, याबद्दल हा चित्रपट हळहळतो. ते वैभव ज्यांच्या घामावर उभे होते त्या गुलामांबद्दल मात्र त्याला हळहळ नाही. त्यातले गुलाम मालकाच्या घरावर जीव टाकतात आणि गुलामी संपल्यावरही ते घर सोडत नाहीत. नायिकेला दटावणारी, तिची काळजी वाहणारी ‘मॅमी’ ही त्यांतलीच एक. या मॅमीला स्वतःचे नावदेखील नाही. ही भूमिका हॅटी मॅक्डॅनियल यांनी केली आणि तिच्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

हॅटी यांचा जन्म १८९० च्या दशकात कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला. तेरा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. त्यांचे वडील हेन्री गुलाम म्हणून जन्मले आणि यादवी युद्धात गुलामीविरुद्ध उत्तरेच्या फौजेतून लढले. म्हणजे जी व्यवस्था या चित्रपटाला वैभवशाली वाटते, तीच मोडण्यासाठी या मुलीच्या बापाने हाती बंदूक घेतली होती! इतिहासाची अशी क्रूर थट्टा शोषितांच्याच वाट्याला येते.

घरात दारिद्र्य होते, पण गळ्यात गाणे होते. डेन्व्हर शहरात वाढलेल्या हॅटी यांनी शाळा अर्धवट सोडली आणि भावंडांबरोबर फिरत्या खेळांतून कामे सुरू केली. त्या गाणी लिहीत आणि गात. १९२० च्या दशकात त्यांच्या आवाजातील ब्लूज गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. १९२९ साली शेअर बाजार कोसळला, खेळ बंद पडले आणि या गायिकेला मिलवॉकीच्या एका क्लबमध्ये स्वच्छतागृहाची राखण करावी लागली. पुढे त्याच क्लबच्या रंगमंचावर गाण्याची संधी त्यांनी मिळवली. १९३१ साली त्या लॉस एंजेलिसला आल्या. तेथे रेडिओवर गाऊन लोकप्रिय झाल्या, तरी पोट भरत नव्हते. म्हणून रेडिओवरची ही गायिका लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करीत होती.

चित्रपटात आल्यावरही त्यांच्या वाट्याला मोलकरीणच आली. हॉलिवूडमध्ये काळ्या बाईसाठी दुसरी भूमिकाच लिहिली जात नव्हती. १९३६ साली ‘शो बोट’ या प्रसिद्ध संगीतिकेवरील चित्रपटात त्यांनी पॉल रॉबसन या थोर गायकासोबत काम केले, तेही स्वयंपाकिणीचे. मात्र त्यांची मोलकरीण मान खाली घालून उभी राहत नसे. ती मालकिणीच्या डोळ्याला डोळा भिडवून बोले, दटावे. लेखकाने दिलेल्या चिमूटभर जागेत हॅटी यांनी एक माणूस उभा केला.

डिसेंबर १९३९ मध्ये ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ अटलांटा शहरात मोठ्या थाटामाटात झाला. जॉर्जिया राज्यात वंशभेदाचे कायदे होते. त्यामुळे चित्रपटातील एकही कृष्णवर्णीय कलावंत तेथे जाऊ शकला नाही. चित्रपटात मॅमी चालते, पण चित्रपटगृहात चालत नाही! २९ फेब्रुवारी १९४० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या अँबॅसॅडर हॉटेलात ऑस्कर सोहळा झाला. त्या हॉटेलात काळ्यांना मज्जाव होता. निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांनी विनंती केली, तेव्हा कोठे हॅटी यांना आत घेण्यात आले. पण त्यांना आपल्या सहकलाकारांच्या टेबलावर जागा नव्हती. मागच्या भिंतीजवळ एक छोटे टेबल वेगळे मांडले होते. नाव पुकारल्यावर त्या तेथून उठून मंचावर गेल्या, सन्मान स्वीकारला आणि परत त्याच टेबलावर जाऊन बसल्या. हॉटेलचे नाव अमेरिकन आहे म्हणून वाचकांना ही गोष्ट परकी वाटेल काय? शाळेच्या वर्गाबाहेर बसून शिकलेल्या पिढ्यांच्या वारसांना हे टेबल ओळखायला वेळ लागणार नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेने अशा भूमिकांवर कडाडून टीका केली. ही संघटना आपल्याला अनोळखी नाही. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. ड्यु बॉइस यांच्याशी १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्रव्यवहार केला होता. संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट १९४२ मध्ये हॉलिवूडला गेले आणि काळ्या माणसाला केवळ नोकर व विदूषक म्हणून दाखवणे थांबवा, असा आग्रह त्यांनी स्टुडिओंकडे धरला. मागणी शंभर टक्के रास्त होती. पडद्यावर सतत हसरा गुलाम पाहणाऱ्या समाजाला गुलामी ही अन्याय वाटेनाशी होते. परंतु या टीकेचा रोख हळूहळू भूमिका लिहिणाऱ्यांवरून भूमिका करणाऱ्यांकडे वळला. हॅटी यांच्यावर गोऱ्यांची हुजरेगिरी केल्याचा शिक्का बसला. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, सात डॉलरसाठी खरोखर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीचे सोंग केलेले बरे.

हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. स्वाभिमानाचा प्रश्न केवळ मजुरीच्या हिशेबाने सुटत नसतो. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा, असे सांगितले तेव्हा त्या कामावर कित्येक घरांच्या चुली अवलंबून होत्या. तरीही ते सोडायला सांगितले, कारण त्या भाकरीत गुलामी कालवलेली होती. पण त्याच परिषदेत पडीक जमिनी, शिक्षण आणि नोकऱ्यांचाही विचार झाला, हे विसरता येणार नाही. अपमानाची भाकर टाका म्हणणाऱ्याने मानाच्या भाकरीची वाट दाखवावी लागते. हॉलिवूडमधील काळ्या कलावंतांची तक्रार नेमकी हीच होती. आमच्या भूमिका जातील, पण त्यांच्या जागी काय येईल, याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. आमच्या मते संघटना भूमिकेबद्दल बरोबर होती आणि त्या बाईबद्दल चुकली.

कारण या बाई लढत नव्हत्या असे नाही. लॉस एंजेलिसच्या ‘शुगर हिल’ भागात त्यांनी घर घेतले. तेथील गोऱ्या रहिवाशांनी कोर्टात धाव घेतली. हा भाग केवळ गोऱ्यांसाठी असल्याचा करार दाखवून काळ्या घरमालकांना हुसकावून लावावे, ही त्यांची मागणी. हॅटी आपल्या शेजाऱ्यांसह उभ्या ठाकल्या. वकील लॉरेन मिलर यांनी त्यांची बाजू मांडली. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीशांनी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन गोऱ्यांचा दावा फेटाळला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे करार कोर्टांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पडद्यावर मालकाचे घर सांभाळणाऱ्या मॅमीने प्रत्यक्षात स्वतःच्या घराचा हक्क संविधानाच्या बळावर राखला. जातीचे नाव ऐकून घर नाकारले गेल्याचा अनुभव असलेल्या वाचकांना या विजयाची किंमत वेगळी सांगायला नको.

१९४७ पासून रेडिओवरील ‘ब्यूला’ या मालिकेत त्या मुख्य भूमिकेत होत्या. भूमिका पुन्हा मोलकरणीचीच, पण काळ्यांच्या तोंडी घातली जाणारी मोडकीतोडकी बोली आपण बोलणार नाही, अशी त्यांची अट होती. हीच मालिका टीव्हीवर आली तेव्हा काही भाग केल्यावर कर्करोगाने त्यांना गाठले. २६ ऑक्टोबर १९५२ रोजी त्यांचे निधन झाले. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत आपल्याला पुरावे, अशी त्यांची अखेरची इच्छा होती. पण तेथे फक्त गोऱ्यांना जागा होती. त्यांना रोझडेल स्मशानभूमीत दफन केले गेले. जिवंतपणी टेबल वेगळे, मेल्यावर मातीही वेगळी! हॉलिवूडच्या त्या स्मशानभूमीत त्यांचे स्मारक उभे राहायला १९९९ साल उजाडावे लागले. आपले ऑस्कर त्यांनी हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला दिले होते. ते तेथून गहाळ झाले. अखेर २०२३ मध्ये ऑस्कर अकादमीने त्याच्या जागी नवे दिले.

२०२० मध्ये अमेरिकेत वंशद्वेषाविरुद्ध आंदोलन पेटले, तेव्हा एका कंपनीने ‘गॉन विथ द विंड’ आपल्या यादीतून काही काळ काढला आणि इतिहास समजावणारे निवेदन जोडून परत आणला. आमच्या मते हे योग्यच झाले. चित्रपट जाळून प्रश्न सुटत नाही आणि डोळे मिटून टाळ्या वाजवूनही सुटत नाही. तो पाहावा, पण जाणतेपणी पाहावा. नोकराची भूमिका कोणाच्या वाट्याला येते आणि ती कोण लिहितो, हे विचारावे. आपल्यातला एखादा कलावंत पोटासाठी प्रस्थापितांच्या पडद्यावर उभा राहिलेला दिसला, तर त्याला विकला गेलेला ठरवण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी कोणता पडदा उभारला, हेही स्वतःला विचारावे. हॅटी यांना त्या रात्री मागच्या भिंतीजवळ बसवणारे दोषी होतेच. पण त्यांच्यासाठी दुसरे टेबल कोणीच मांडले नव्हते, हेही तितकेच खरे आहे.