गोपाळ कृष्ण गोखले आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक

प्रास्ताविक

मागील पाठात आपण चरित्र आणि चरित्रपर लेख यांतील फरक पाहिला. चरित्रात संपूर्ण आयुष्याचा आलेख असतो. चरित्रपर लेखात आयुष्यातील एखादे सूत्र निवडून त्याच्या आधाराने व्यक्तीची ओळख करून दिली जाते. प्रस्तुत पाठात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख अशाच एका सूत्राच्या आधारे करून घ्यावयाची आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलांविषयीची कळकळ अनेकांना होती. गोखले यांनी त्या कळकळीला आकडेवारी, तुलना, खर्चाचा अंदाज आणि कायद्याचा मसुदा यांची जोड दिली. त्यांचे विधेयक नामंजूर झाले, तरी त्यांनी घालून दिलेली रीत पुढे टिकली. ती रीत कोणती आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हा या पाठाचा विषय आहे.

बालपण आणि शिक्षण

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळराव अवघे तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एका भावाची शाळा सुटली म्हणून दुसऱ्याची चालू राहिली. पुढे ज्याने साऱ्या देशातील मुलांच्या शिक्षणाचा खर्च मांडला, त्याने हा हिशोब प्रथम आपल्या घरातच पाहिला होता.

कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. १८८५ मध्ये त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी पत्करली. लवकरच ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि अल्प वेतनावर सुमारे वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याचे व्रत त्यांनी स्वीकारले. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. शाळांसाठी त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक दीर्घकाळ वापरात होते. धोरणाच्या क्षेत्रात आलेला हा माणूस मुळात वर्गातून आलेला होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुराव्याची शिस्त

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गोखले यांचे गुरू. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करीत असताना सरकारी अहवाल बारकाईने वाचणे, त्यांतील आकडे पडताळणे आणि त्यांवरून निष्कर्ष काढणे यांची शिस्त रानडे यांनी त्यांना लावली. १८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले लंडनला गेले. तेथे तज्ज्ञांच्या उलटतपासणीस त्यांनी समर्थपणे तोंड दिले.

परंतु त्याच दौऱ्यात त्यांच्या आयुष्यातील एक कटू प्रसंगही घडला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सैनिकांच्या वर्तनाविषयी आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी इंग्लंडमध्ये गंभीर आरोप केले. परत आल्यावर त्या आरोपांना पुरावा मिळू शकला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. या माफीबद्दल त्यांना स्वकीयांची कडवट टीका सोसावी लागली. त्यांच्या पुढील कार्यात पुराव्याविषयी जी कमालीची दक्षता आढळते, तिच्यामागे या प्रसंगाचा धडा असावा असे मानण्यास जागा आहे.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले आणि त्यानंतर व्हाइसरॉयच्या वरिष्ठ कायदेमंडळात गेले. मार्च १९०२ मधील अंदाजपत्रकावरील त्यांच्या पहिल्याच भाषणाने देशाचे लक्ष वेधले. सरकारी तिजोरीत शिल्लक दिसते याचा अर्थ प्रजा संपन्न आहे असा होत नाही. कर गरजेपेक्षा अधिक घेतले जात असल्याचे ते लक्षण आहे, हे त्यांनी सरकारचेच आकडे मांडून दाखविले. शिल्लक आहे, तर ती शिक्षणावर का खर्च होऊ नये, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला.

१९१० चा ठराव

प्राथमिक शिक्षणाची मागणी गोखले यांच्यापूर्वीच पुढे आली होती. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून सरकारचा पैसा उच्च शिक्षणाऐवजी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे वळविण्याचा आग्रह धरला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि तो यशस्वी होत असल्याचे पाहून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केला. गोखले यांच्या दृष्टीने बडोद्याचे महत्त्व मोठे होते. भारतीय समाजात शिक्षणाची सक्ती चालणार नाही, या आक्षेपाला ते प्रत्यक्ष प्रयोगाचे उत्तर होते.

मार्च १९१० मध्ये गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडला. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने प्रारंभ व्हावा आणि निश्चित योजना आखण्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचा आयोग नेमावा, अशी त्यांची मागणी होती. ती मांडताना त्यांनी जगातील देशांची तुलना केली. एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक प्राथमिक शाळांत शिकत आहेत, हे त्यांचे माप होते. या मापाने अमेरिकेत २१ टक्के, जपानात ११ टक्के आणि ब्रिटिश भारतात अवघे १.९ टक्के असे प्रमाण होते. जपानचे उदाहरण त्यांनी हेतुपुरस्सर निवडले होते. आशियातील एक देश थोड्या दशकांत हे साधू शकतो, तर भारतातील मागासलेपणाचे कारण लोकांच्या स्वभावात न शोधता राज्यकर्त्यांच्या धोरणात शोधले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता.

सरकारने प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी भारत सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले. मात्र सक्तीबाबत हालचाल दिसेना. तेव्हा गोखले यांनी स्वतःच कायद्याचा मसुदा तयार करण्याचे ठरविले.

विधेयकाची रचना

१६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. इंग्लंडमधील १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडमधील १८९२ चे कायदे त्यांनी अभ्यासले होते. विधेयकातील मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या :

१. सक्ती एकाच वेळी सर्वत्र लागू होणार नव्हती. ज्या भागात मुलांचे एक ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तेथेच नगरपालिका किंवा जिल्हा मंडळ सरकारच्या संमतीने ती लागू करू शकणार होते.

२. प्रारंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांनाच सक्ती लागू व्हावयाची होती. मुलींना ती पुढे, परिस्थिती पाहून लागू करावयाची होती.

३. ज्या पालकांचे उत्पन्न दरमहा दहा रुपयांहून कमी असेल, त्यांच्या मुलांकडून फी घ्यावयाची नव्हती.

४. खर्चाचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश भाग सरकारने उचलावा, अशी योजना होती. स्थानिक संस्थेला शिक्षणासाठी खास कर बसविण्याची मुभा होती.

५. सबळ कारणाशिवाय मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होऊ शकणार होता.

एवढ्यावर न थांबता त्यांनी खर्चाचाही अंदाज काढला. देशातील त्या वयाचे सर्व मुलगे शाळेत आणण्यास वार्षिक सुमारे साडेचार कोटी रुपये अधिक लागतील आणि त्यांतील सुमारे तीन कोटींचा सरकारचा वाटा काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उभा करता येईल, असे त्यांनी मांडले. मागणी करणाऱ्याने तिचा खर्च आणि तो भागविण्याचा मार्गही सांगावा, हा दंडक त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.

नागपूर आणि लोकमत

धोरण केवळ कायदेमंडळात घडत नाही, त्यासाठी लोकमत तयार करावे लागते, याची गोखले यांना जाणीव होती. त्यासाठीच १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. सार्वजनिक प्रश्नांचा अभ्यास करून आयुष्यभर देशकार्य करणारे कार्यकर्ते घडविणे हा समाजाचा उद्देश होता. समाजाच्या शाखांपैकी एक नागपूर येथे होती.

मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरात गोखले यांच्या नेमस्त पक्षाला अनुकूल वातावरण नव्हते. १९०७ चे काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरावयाचे होते. परंतु दोन पक्षांतील संघर्षामुळे ते सुरतेस हलवावे लागले आणि तेथेच काँग्रेस दुभंगली. अशा या शहरात, ज्या वर्षी शिक्षणाचे विधेयक मांडले गेले त्याच १९११ साली, समाजाने 'हितवाद' हे इंग्रजी पत्र सुरू केले. मतभेद असलेल्या ठिकाणी पत्र काढून, माहिती देऊन, वाद घालून मत घडवावे, ही गोखले यांची कार्यपद्धती यातून स्पष्ट होते.

पराभव

विधेयक मतासाठी प्रांतोप्रांती पाठविण्यात आले. काँग्रेसने त्याला पाठिंबा दिला. प्रांतिक सरकारांचे अभिप्राय मात्र बहुतांशी प्रतिकूल आले. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांचीच मागणी नाही, सक्तीमुळे असंतोष वाढेल, असे आक्षेप घेण्यात आले. शेतावर काम करणारी मुले शाळेत गेली तर मजूर मिळणार नाहीत, ही जमीनदारवर्गाची धास्तीही विरोधामागे होती.

१८ व १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली. विधेयक चिकित्सा समितीकडे सोपवावे एवढीच गोखले यांची मागणी होती. मदनमोहन मालवीय, महंमद अली जिना यांसारख्या सभासदांनी त्यांना साथ दिली. मतदानात १३ विरुद्ध ३८ मतांनी मागणी फेटाळली गेली. कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. त्यामुळे हा निकाल गोखले यांना अनपेक्षित नव्हता. पुराव्याने युक्तिवाद जिंकता येतो; परंतु निर्णय ज्यांच्या हाती आहे त्यांची इच्छा नसेल, तर जिंकलेला युक्तिवादही मतदानात हरतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

तथापि प्रयत्न सर्वस्वी वाया गेला नाही. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी ५० लाख रुपयांचे अधिक अनुदान जाहीर झाले होते. फेब्रुवारी १९१३ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात सरकारने सक्ती नाकारली, परंतु प्राथमिक शिक्षणाच्या विस्ताराचे वचन दिले. गोखले मात्र पुढील घडामोडी पाहण्यास फार काळ राहिले नाहीत. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

वारसा आणि मूल्यमापन

गोखले यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९२० मध्ये मध्य प्रांतानेही प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सक्ती लागू करण्याचा निर्णय स्थानिक संस्थेवर सोपविण्याची गोखले यांची रचना या कायद्यांत दिसते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे उद्दिष्ट दहा वर्षांत गाठण्याचा निर्देश दिला. २००२ मधील घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखले यांच्या विधेयकापासून मोजल्यास या प्रवासाला जवळजवळ एक शतक लागले.

मूल्यमापन करताना विधेयकाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. जेथे शाळा आणि विद्यार्थी आधीच होते, तेथेच सक्ती प्रथम यावयाची होती. म्हणजे सर्वांत मागे असलेली गावे पुन्हा मागेच राहण्याचा धोका होता. मुलींना थांबावे लागणार होते. गरीब पालकाला दंड करण्याने त्याच्या मुलाची मजुरी भरून निघणार नव्हती. पुढील प्रांतिक कायद्यांचा अनुभवही असाच आहे : स्थानिक संस्थांकडे पैसा व इच्छा यांची वाण असल्यामुळे सक्ती अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. गोखले यांनी या सवलती का दिल्या, हे मात्र समजून घेतले पाहिजे. विरोधकांना नकार देण्यास कोणतेही वाजवी कारण उरू नये, म्हणून त्यांनी आपली मागणी शक्य तितकी लहान केली होती. तरीही नकारच मिळाला. मागणी लहान करावी की पूर्ण मागणीवर ठाम राहावे, हा प्रश्न धोरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकापुढे आजही उभा राहतो.

सारांश

गोखले यांनी शाळेचा प्रश्न सदिच्छेच्या पातळीवरून धोरणाच्या पातळीवर आणला. परिस्थितीचे मोजमाप, इतर देशांशी तुलना, प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार, खर्चाचा हिशोब, कायद्याचा मसुदा आणि लोकमताची घडण हे त्यांच्या पद्धतीचे टप्पे होत. त्यांच्या हयातीत ही पद्धत यशस्वी झाली नाही. परंतु पुढच्या पिढ्यांना वाद पहिल्यापासून सुरू करावा लागला नाही, हे तिचे श्रेय आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बडोदा आणि जपान या दोन उदाहरणांचा गोखले यांनी कोणत्या आक्षेपांना उत्तर देण्यासाठी उपयोग केला?

२. विधेयकातील क्रमशः सक्तीच्या तत्त्वाचे गुण व दोष आपल्या शब्दांत सांगा.

३. आपल्या कुटुंबातील किंवा परिसरातील एखाद्या व्यक्तीचे शिक्षण अर्धवट का राहिले याची माहिती घ्या आणि ते टाळण्यास धोरणात कोणती तरतूद असायला हवी होती, यावर दहा-बारा ओळी लिहा.