रमाबाई रानडे यांचे शिक्षण : घरातील सत्ता आणि अक्षरओळख

बारावीच्या निकालात मुलींच्या उत्तीर्णतेचे प्रमाण मुलांहून अधिक असते. तरीही त्यांतील एखादी हुशार विद्यार्थिनी पुढील वर्षी वर्गात दिसत नाही, हा नांदेड-लातूरकडील प्राध्यापकांच्या परिचयाचा अनुभव आहे. तिचे लग्न ठरलेले असते, किंवा घरातील कामाची वाटणी बदललेली असते. कारण शाळेत शोधून सापडत नाही. या दृष्टीने रमाबाई रानडे यांचे चरित्र पुन्हा वाचावयास हवे, कारण त्यांचे आरंभीचे सारे शिक्षण शाळेबाहेर, घरातच झाले आणि त्याला विरोधही घरातूनच झाला.

रमाबाईंचा जन्म १८६२ मध्ये देवराष्ट्रे येथील कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतिसाव्या वर्षात होते आणि त्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केले, ही विसंगती समकालीनांना खुपली होती. पण याच विवाहामुळे एका निरक्षर मुलीच्या हाती पाटी आली, हेही खरेच.

रमाबाईंना रानड्यांनी घडविले, असे सर्रास लिहिले जाते. ते अर्धसत्य होय. न्यायाधीश पतीची सत्ता माजघराच्या उंबरठ्यापर्यंतच चालत असे. त्यापलीकडे सासू, विधवा नणंद व इतर वडीलधाऱ्या स्त्रियांचे राज्य होते. नवऱ्यापाशी बसून वाचणारी सून म्हणजे त्यांच्या लेखी मर्यादाभंग. इंग्रजी शिकविण्यासाठी युरोपीय शिक्षिका येऊ लागली, तेव्हा धड्यानंतर स्नान केल्यावाचून सोवळ्यातील कामाला हात लावता येईना. या स्त्रियांना केवळ दुष्ट ठरविणे सोपे आहे. त्यांचे स्वतःचे शिक्षण झालेले नव्हते आणि वय व सोवळे एवढ्याच आधारावर त्यांना मान मिळत होता; सुनेच्या हातातील पुस्तकाने तोच आधार डळमळत होता, असे मला वाटते.

रमाबाईंनी वाद घातला नाही. कामात उणे राहावयाचे नाही, बोलणी ऐकून घ्यावयाची, आणि मिळेल तो वेळ वाचनास द्यावयाचा, असा त्यांचा क्रम होता. नाशिकच्या बदलीत घर लहान झाले, वडीलधाऱ्यांची नजर दूर गेली, आणि अभ्यासाला गती आली. व्यक्ती तीच, बुद्धी तीच. बदलली ती घराची रचना.

पुढे पुण्यात १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानांना त्या जाऊ लागताच घरातील रोष उफाळला. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजी निवेदन वाचले, त्या दिवशी तर फारच कठोर बोलणी ऐकावी लागली. ते हायस्कूल १८८४ मध्ये पुण्यात निघाले. आज ते हुजूरपागा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. रानड्यांनी या प्रसंगांत पत्नीला सहनशीलता शिकविली, घरातील स्त्रियांना मात्र काही सुनावले नाही. सुधारकाच्या उदारतेची ही सीमा अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

१९०१ मध्ये रानडे निवर्तले. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध झाले. शीर्षकात 'आमच्या' आहे, 'माझ्या' नाही. मात्र त्याच सुमारास त्यांचे स्वतंत्र कार्यही उभे राहिले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे वर्ग त्यांच्या राहत्या वाड्यातच सुरू झाले. तेथे शिकावयास विवाहिता आल्या, विधवाही आल्या. शाळेचे वय उलटलेल्या या स्त्रियांसाठी अन्यत्र जागा नव्हती. परिचारिकेचे शिक्षण उच्चवर्णीय विधवेला शोभत नाही, या समजुतीशीही संस्थेला झगडावे लागले.

१९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती प्रथम मुलांनाच लागू करावी, असा प्रबळ मतप्रवाह होता. ज्या रमाबाईंनी घरात कधी उलट उत्तर दिले नव्हते, त्या साठीला टेकलेल्या वयात या भेदाविरुद्ध स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सेवासदनाचे वर्ग चालूच होते.