वाटसरूंची राणी अहिल्याबाई

थोर माणसं पुष्कळ होऊन गेली. पण एसटीच्या पासाच्या योजनेला जिचं नाव आहे अशी राणी मला एकच माहीत आहे. त्या म्हणजे अहिल्याबाई होळकर.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्यांच्या जिल्ह्याचं नाव आधी अहमदनगर होतं. आता अहिल्यानगर आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी पोरींना कोणी शिकवत नसे. पण माणकोजींनी आपल्या पोरीला लिहा-वाचायला शिकवलं.

एकदा मल्हारराव होळकर पुण्याला जाताना चौंडीला थांबले. तिथल्या देवळात त्यांना ही आठेक वर्षांची मुलगी दिसली. तिची वागणूक पाहून त्यांनी तिला सून करून घ्यायचं ठरवलं. १७३३ साली तिचं लग्न खंडेरावांशी झालं. एवढ्या लहान पोरीचं लग्न आता कायद्याने करता येत नाही, हे बरं झालं.

अहिल्याबाईंवर पुढे फार दुःख आलं. १७५४ साली कुंभेरच्या लढाईत तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, पण सासऱ्यांनी त्यांना थांबवलं आणि राज्याचं काम शिकवलं. १७६६ साली सासरे वारले. १७६७ साली एकुलता एक मुलगा मालेराव गेला. तरी त्या खचल्या नाहीत. त्यांनी राज्य हाती घेतलं आणि २८ वर्षं नीट चालवलं. नर्मदेकाठचं महेश्वर ही त्यांची राजधानी होती.

तेव्हा माणसं पायदळ जात, नाही तर बंडीनं. वाटेत पाणी मिळेल का? रात्री निजायचं कुठं? चोरांनी गाठलं तर? अशी काळजी असे. म्हणून अहिल्याबाईंनी रस्ते केले, विहिरी खणल्या, धर्मशाळा आणि नदीला घाट बांधले. फक्त आपल्या राज्यातच नाही, तर दूर काशी, गया, सोमनाथपर्यंत त्यांची कामं आहेत. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० साली पुन्हा बांधलं. आपल्या महाराष्ट्रात वेरूळचं घृष्णेश्वराचं देऊळही त्यांनीच बांधलं. पश्चिम बंगालात एका रस्त्याला अजून अहिल्याबाईंचं नाव आहे.

मला सगळ्यात आवडली ती भिल्लांची गोष्ट. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत असत. अहिल्याबाईंनी त्यांच्याशी करार केला. वाटसरूंकडून भिल्लांना थोडा ठरलेला कर मिळायचा. त्याला भिलकवडी म्हणत. त्याच्या बदल्यात भिल्लांनी वाट राखायची आणि त्यांच्या हद्दीत चोरी झाली तर माल शोधून द्यायचा. म्हणजे वाट अडवणारेच वाट राखणारे झाले!

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई वारल्या.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. म्हणजे ती अहिल्याबाईंच्याच जिल्ह्यात गेली! आपल्या पुलगावहून आर्वीला १९१७ पासून लहानी रेल्वे होती. ती ३५ किलोमीटर जायची. आता ती बंद झाली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. पण त्यावरून गाड्या भुर्रकन निघून जातात. आपल्या फाट्यावर हात दाखवला की थांबते ती एसटीच.

माझ्या आजीची शाळा चौथीतच सुटली. पुलगावला जायची सोय नव्हती. मी आता चौथीत आहे. पुढल्या साली मी पाचवीला पुलगावला जाणार. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाईंच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. माझ्या ताईजवळ तो आहे.

पण गावापासून फाट्यापर्यंत आपली पांदण आहे. पावसाळ्यात तिथं गुडघाभर चिखल होतो. गेल्या पावसाळ्यात ताईच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव घरच्यांनी शाळेतून काढून टाकलं. पास होता, एसटी होती, फक्त फाट्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

पालकहो, तुम्ही आमचं भित्तिपत्रक वाचायला आले आहात म्हणून सांगते. पाऊस लागायच्या आधी एका रविवारी सगळे मिळून पांदणीत मुरूम टाकू. ज्यांच्याजवळ बंडी आहे त्यांनी बंडी आणावी. आम्ही चौथीच्या मुली आणि मुलं गोटे वेचू, घमेली उचलू. अहिल्याबाईंनी हजार कोसांच्या वाटा नीट केल्या. आपली पांदण तर एक कोसाचीही नाही.

थोर अहिल्याबाईंना माझा नमस्कार.

इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी